पाचाच्या पुढे मोजायचं नाही

समजा, इंग्लंडमधल्या एका घराच्या दारात गुन्हे-पाहणीची मुलाखतकार उभी आहे. पाहणीचं पत्र आधीच येऊन गेलंय, ओळखपत्र दाखवून झालंय. घरातल्या सोळा वर्षांवरच्या माणसांपैकी कुणाशी बोलायचं हे चिठ्ठी उचलावी तसं ठरतं, आणि ती चिठ्ठी घरातल्या बाईच्या नावाची निघते. मुलाखतकार लॅपटॉप उघडते. गेल्या बारा महिन्यांत घरफोडी झाली का? गाडीची मोडतोड? कुणी मारहाण केली, धमकावलं? शेवटी विचारलं जातं की हे घरातल्याच कुणी केलं का. बाई जरा थांबते आणि हो म्हणते.

"किती वेळा?"

"दर आठवड्याला. शनिवारी रात्री बहुतेक."

मुलाखतकार ५२ हा आकडा भरते. तेच कृत्य, तशाच परिस्थितीत, बहुधा त्याच माणसानं केलेलं असलं की पाहणीच्या भाषेत ती घटनांची एक 'मालिका' होते. अशा मालिकेसाठी बावन्न फॉर्म भरत नाहीत. एकच फॉर्म भरायचा, त्यात सगळ्यात अलीकडच्या प्रसंगाचा तपशील लिहायचा आणि शेजारी एकूण किती वेळा ते नोंदवायचं.

ही बाई मी कल्पिलेली आहे, पण फॉर्मची रीत खरी आहे. तिचं उत्तर जसं दिलं तसंच माहितीसाठ्यात जमा व्हायचं. मात्र देशातल्या हिंसेचा अंदाज काढायला बसल्यावर त्या ५२चे ५ केले जायचे. पाहणीची सुरुवात झाली तेव्हापासून, म्हणजे १९८१च्या घटनांच्या मोजणीपासून, जानेवारी २०१९पर्यंत हा नियम होता: एका मालिकेतल्या पाचाहून जास्त घटना मोजायच्या नाहीत.

हा लेख त्या एका नियमाविषयी आहे. नियम छोटा, तांत्रिक परिशिष्टात एका वाक्यात मावणारा. पण देशात हिंसा किती, ती कुणावर होते आणि वाढते की कमी होते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्यावर अवलंबून होती.

पाहणी कशासाठी

ही पाहणी म्हणजे ब्रिटिश क्राइम सर्व्हे. ती पहिल्यांदा झाली १९८२ साली. तेव्हा ती गृहखात्याकडे होती. पोलिसांच्या दप्तरात येतो तो फक्त कळवलेला आणि नोंदवलेला गुन्हा. न कळवलेल्याचा ठाव घ्यायचा तर लोकांच्या घरी जाऊन त्यांनाच विचारायला हवं, असा त्यामागचा विचार. सुरुवातीला काही वर्षांच्या अंतरानं होणारी ही पाहणी २००१पासून वर्षभर सलग चालू लागली. एप्रिल २०१२मध्ये ती राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडे गेली आणि तिचं नाव क्राइम सर्व्हे फॉर इंग्लंड अँड वेल्स झालं. त्या सुमाराला वर्षाला जवळपास ३५,००० प्रौढांच्या मुलाखती होत असत.

या प्रकरणाला २०१४ सालची एक पार्श्वभूमी आहे. त्या वर्षी जानेवारीत यूके स्टॅटिस्टिक्स अथॉरिटीनं, म्हणजे सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, पोलिसांच्या गुन्हे-आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जा काढून घेतला, कारण नोंदी विश्वासार्ह राहिल्या नव्हत्या. नोव्हेंबरमध्ये पोलीस दलांच्या तपासणी यंत्रणेचा अहवाल आला. पोलिसांना कळवलेल्या दर शंभर गुन्ह्यांपैकी १९ नोंदलेच जात नव्हते. हिंसेच्या गुन्ह्यांत हे प्रमाण ३३ होतं, लैंगिक गुन्ह्यांत २६. म्हणजे धीर करून पोलीस ठाण्यात गेलेल्यांपैकीही इतक्या जणांची फिर्याद कागदावर आली नव्हती.

पोलिसांचे आकडे असे डळमळल्यावर सगळा भार पाहणीवर आला. गुन्हे १९९५मध्ये शिखरावर होते आणि तेव्हापासून उतरत आहेत, हे सांगताना मंत्री, पत्रकार, अभ्यासक सगळे पाहणीकडेच बोट दाखवत. तिच्यातला प्रत्येक बारीक नियम त्यामुळे मोठा झाला, आणि पाचाचा नियम सगळ्यात मोठा.

मर्यादा का घातली होती

मर्यादा घालणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. त्यांची अडचण खरी होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय या प्रकरणात न्यायानं बोलता येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये साडेचार कोटींहून जास्त प्रौढ राहतात. ३५,००० मुलाखतींतून त्या सगळ्यांविषयी बोलायचं तर एकेक मुलाखत साधारण १,३०० माणसांच्या वतीनं बोलत असते. (प्रत्यक्षात प्रत्येकाचं वजन वेगळं असतं, पण हिशेब समजायला एवढं पुरे.) आता आपल्या बाईचे ५२ प्रसंग जसेच्या तसे धरले, तर तिच्या एकटीच्या उत्तरातून देशाच्या आकड्यात सुमारे ६७,००० प्रसंगांची भर पडते. पुढच्या वर्षी चिठ्ठ्यांमध्ये तिच्यासारखी कुणी निघालीच नाही, तर ते ६७,००० नाहीसे. देशात काहीही बदललेलं नसताना हिंसा घटली म्हणून बातमी होणार. त्याच्या पुढच्या वर्षी अशा दोघी निघाल्या की हिंसा उसळली म्हणून ओरड होणार. पाचाची मर्यादा घातली की तीच बाई साडेसहा हजारांपर्यंत खाली येते आणि आलेख शांत राहतो.

आकडे वर्षागणिक असे हेलकावे खाऊ लागले तर त्यांचा काही उपयोग नाही, ही भीती योग्यच होती. पण आलेख शांत ठेवण्याची किंमत कुणी मोजली, ते पाहायला हवं.

दहा पीडित घेऊ. सात जणांवर वर्षात एकेकदा हल्ला झाला, दोघांवर तीन-तीनदा आणि एकीवर ५२ वेळा. एकूण प्रसंग झाले ६५. मर्यादा लावली की राहतात १८. जे ४७ गळाले, ते सगळे एकाच माणसाचे. बाकीच्या नऊ जणांच्या हिशेबाला धक्काही लागला नाही. खऱ्या बेरजेत त्या एकीवरचे हल्ले ८० टक्के होते, मर्यादेनंतर ते २८ टक्क्यांवर आले. म्हणजे एकूण आकडा लहान झालाच, शिवाय हिंसा कुठे साठली आहे हेही बदललं. रस्त्यावर, दारूच्या गुत्त्याबाहेर, अनोळखी माणसाकडून एकदाच झालेली मारामारी पूर्ण मोजली जाते. घरात, तोच माणूस पुनःपुन्हा करतो ती मोजताना कापली जाते. नियमाच्या शब्दांत बाई, नवरा, घर यांचा उल्लेखही नव्हता. तरी तो जाऊन पडला नेमका त्यांच्यावरच.

आक्षेप

हे पहिल्यांदा ठासून मांडलं ते ग्रॅहम फॅरेल आणि केन पीझ या गुन्हेशास्त्रज्ञांनी, २००७मध्ये. मर्यादा उठवली तर वर्षाला सुमारे ३० लाख गुन्हे वाढतात, असा त्यांचा हिशेब होता. त्यात हिंसेबरोबर बाकीचे गुन्हेही आले.

पीझ यांनी हा मुद्दा उचलावा हे स्वाभाविक होतं. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचडेल गावातल्या कर्कहोल्ट वसाहतीत घरफोड्या रोखण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात ते होते. तिथे दिसलं की एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणून सगळ्या वसाहतीवर पहारा ठेवण्याऐवजी नुकत्याच फोडलेल्या घरांकडे आधी लक्ष दिलं गेलं. नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर, ज्यांत रोकड साठायची, ते काढून टाकले आणि शेजाऱ्यांना नजर ठेवायला सांगितलं. घरफोड्या झपाट्यानं घटल्या. गुन्हा सगळ्यांवर सारखा पसरत नाही, थोड्या माणसांवर वारंवार येतो, हे या कामातून पक्कं झालं होतं. आणि नेमकी त्याच थोड्या माणसांची मोजणी राष्ट्रीय पाहणी पाचावर थांबवत होती.

त्यानंतर लँकेस्टर विद्यापीठातल्या सिल्व्हिया वॉल्बी, जूड टॉवर्स आणि ब्रायन फ्रान्सिस यांनी पाहणीचा मूळ माहितीसाठा उघडून बसून काम केलं. इथे एक गोष्ट पाहणीच्या बाजूनं नोंदवायला हवी. मुलाखतकारांनी खरे आकडे विचारले होते आणि ते जपूनही ठेवले होते. काटछाट व्हायची ती अंदाज काढण्याच्या पायरीवर, म्हणून ती मागे जाऊन दुरुस्त करता आली. मूळ उत्तरंच पाचावर थांबवून घेतली असती, तर या सगळ्या बायकांच्या वर्षांचा हिशेब कायमचा गेला असता.

मर्यादा काढल्यावर हिंसक गुन्ह्यांचा एकूण आकडा ६० टक्क्यांनी वाढला. स्त्रियांवरच्या आणि घरातल्या हिंसेचा ७० टक्क्यांनी. हेलकाव्यांच्या अडचणीवरही त्यांनी वेगळा उपाय दाखवला. एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही, तीन-तीन वर्षांची सरकती सरासरी घ्यायची आणि कल ठरवताना सगळे बिंदू विचारात घ्यायचे. हेलकावे कमी करायचे तर वर्षं एकत्र करता येतात, त्यासाठी माणसं कापावी लागत नाहीत. या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा हाच.

२०१६मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ क्रिमिनॉलॉजीत आलेल्या त्यांच्या लेखात १९९४ ते २०१४ या वीस वर्षांचं चित्र होतं. हिंसेचा उतार थांबला आहे, असा त्यांचा निष्कर्ष. वळण आलं ते २००८-०९च्या आर्थिक संकटाच्या सुमाराला, आणि सरकारी आकड्यांत ते दिसत नव्हतं. हा फरक स्त्रियांवरच्या हिंसेमुळे आणि घरातल्या माणसांनी केलेल्या हिंसेमुळे पडत होता.

वॉल्बी यांना हा विषय नवा नव्हता. २००१च्या पाहणीतल्या विशेष प्रश्नावलीवर जोनाथन ॲलन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला अहवाल गृहखात्यानं २००४मध्ये छापला होता. त्यात घरातली हिंसा चार किंवा त्याहून जास्त वेळा सोसलेल्यांत ८९ टक्के स्त्रिया होत्या. त्या वर्षी अशी हिंसा झालेल्या स्त्रियांवर सरासरी २० प्रसंग गुदरले होते, पुरुषांवर ७. 'एकदा तरी झालं का' एवढंच विचारलं तर स्त्री आणि पुरुष यांच्यात फारसं अंतर दिसत नाही. 'किती वेळा' विचारलं की अंतर उघडं पडतं. म्हणून मोजणी कुठे थांबवायची हा प्रश्न मी निव्वळ तांत्रिक मानायला तयार नाही.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट. ती विशेष प्रश्नावली समोरासमोर विचारली जात नव्हती. मुलाखतकार लॅपटॉप फिरवून समोरच्याच्या हातात देते, आणि उत्तर देणारी व्यक्ती स्वतः वाचून कळ दाबते. पडद्यावर काय आहे हे मुलाखतकारालाही दिसत नाही आणि शेजारच्या सोफ्यावर बसलेल्यालाही नाही. या पद्धतीत घरातल्या हिंसेचं प्रमाण समोरासमोरच्या उत्तरांपेक्षा साधारण पाचपट निघालं. प्रश्न तोंडी विचारायचा की लॅपटॉप फिरवायचा, एवढ्या फरकानं पाचातल्या चार जणी दिसतात किंवा दिसेनाशा होतात. आणि हिंसेच्या प्रसंगांची एकूण बेरीज मात्र तोंडी उत्तरांवरूनच व्हायची. म्हणजे आपल्या बाईनं हो म्हणण्याआधी घेतलेल्या त्या छोट्या थांब्यात बऱ्याच जणी नाही म्हणून मोकळ्या झाल्या असणार. त्यांच्या बाबतीत पाचाची मर्यादा लागण्याची वेळही आली नाही.

निर्णय

सांख्यिकी कार्यालयानं २०१६मध्ये या पद्धतीवर जाहीर सल्लामसलत केली आणि जानेवारी २०१९मध्ये नवी पद्धत लागू झाली. पाचाची मर्यादा गेली. तिच्या जागी प्रत्येक गुन्हे-प्रकारासाठी ९८ पर्सेंटाइलची मर्यादा आली. म्हणजे त्या प्रकारच्या गुन्ह्याच्या पीडितांना प्रसंगांच्या संख्येनुसार चढत्या क्रमानं उभं करायचं, शंभरातले अठ्ठ्याण्णव ज्या आकड्यापर्यंत मावतात तो घ्यायचा, आणि उरलेल्यांचे प्रसंग त्या आकड्यावर आणायचे. मागच्या वर्षांचे आकडेही नव्यानं काढले. हिंसेची पातळी वर गेली, पण दीर्घकाळात गुन्हे घटल्याचं चित्र कार्यालयाच्या मते बदललं नाही. उतार थांबला की नाही यावर लँकेस्टरचे अभ्यासक आणि कार्यालय यांच्यातला मतभेद तसाच राहिला.

माझ्या मते हा निर्णय योग्य दिशेनं गेला आणि मध्येच थांबला. आधीचा आकडा कुठून आला याचं 'सुरुवातीपासून आहे' याहून बळकट उत्तर नव्हतं. नवा निदान माहितीतूनच निघतो आणि गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. पण शंभरातल्या ज्या दोघांवर सगळ्यात जास्त वेळा हात उचलला गेला, त्यांचंच उत्तर अजून कापलं जातं. मी असतो तर दोन आकडे शेजारी-शेजारी छापले असते. वर्षागणिक तुलनेसाठी मर्यादेचा, आणि देशात वर्षभरात किती हिंसा झाली या प्रश्नासाठी बिनमर्यादेचा, अनेक वर्षांची सरासरी घेऊन आणि त्यातली अनिश्चितता सांगून. कल पाहण्यासाठी आणि एकूण भार मोजण्यासाठी एकच आकडा वापरायचा अट्टाहास धरला, तिथून हे सगळं सुरू झालं.

हाच पेच अमेरिकेतही आला होता. तिथल्या राष्ट्रीय पाहणीत सहा किंवा अधिक सारख्या घटना असतील आणि प्रत्येकीचा वेगळा तपशील सांगता येत नसेल, तर ती मालिका धरतात. अशा मालिका वार्षिक अंदाजांतून वर्षानुवर्षं सरसकट वगळल्या जात. २०११च्या आकड्यांपासून त्या धरल्या जाऊ लागल्या, पण जास्तीत जास्त दहा घटनांपर्यंत. तिथेही अडलं ते याच ठिकाणी: जिला सगळ्यात जास्त वेळा सोसावं लागलं, तिचं उत्तर सांभाळायला सगळ्यात कठीण.

मोजणीतून न्यायापर्यंत

आकडा पाच की बावन्न, यानं त्या बाईच्या आयुष्यात काय फरक पडतो? थेट काहीच नाही. पण आश्रयगृहांना किती पैसे, पोलिसांच्या कोणत्या शाखेला किती माणसं, कोणता गुन्हा 'घटतोय' म्हणून मागे टाकायचा, हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर तो आकडा असतो. घरातली हिंसा एकूण हिंसेतला एक कोपरा आहे असं आकडे सांगत राहिले, तर तिला मिळणारं लक्षही कोपऱ्याएवढंच राहतं.

दरम्यान कायदा वेगळ्या वाटेनं पुढे गेला होता. २०१५च्या सीरियस क्राइम ॲक्टच्या कलम ७६नं जवळच्या नात्यातलं नियंत्रण आणि धाकदपटशा हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. तो वारंवार किंवा सतत चाललेल्या वागण्याचा गुन्हा आहे. कायद्यानं मान्य केलं की पैसे काढून घेणं, फोन तपासणं, माहेरच्यांशी बोलू न देणं आणि अधूनमधून मारणं हे मिळून एक काहीतरी आहे, सुटे-सुटे प्रसंग नाहीत. पाहणीचा फॉर्म मात्र प्रसंग मोजण्यासाठीच बनलेला. 'किती वेळा' या प्रश्नाचं खरं उत्तर कधी कधी 'रोजच' असतं, कधी 'तो नुसता दारात उभा राहिला तरी' असं असतं. त्यासाठी आकड्याचा रकाना पाचाचा असो की शंभराचा, अपुराच. तरी मोजणी सोडून द्यावी असं मी म्हणणार नाही. दर शनिवारचा मार हा मोजण्याजोगा आहे आणि तो मोजलाच पाहिजे.

मार्च २०२०मध्ये कोविडमुळे घरी जाऊन मुलाखती घेणं थांबलं आणि मे महिन्यापासून पाहणी फोनवर सुरू झाली. फोनवर लॅपटॉप फिरवून देता येत नाही, आणि पलीकडे कोण ऐकतंय हे कळत नाही. म्हणून घरगुती अत्याचाराचे प्रश्न विचारलेच गेले नाहीत. उत्तर देणारीच्या जिवाला धोका नको, हा निर्णय बरोबरच होता. पण घरात कोंडलेल्या त्या काळात किती जणींनी काय सोसलं, हे या पाहणीतून कळण्याचा मार्ग त्यानं बंद झाला. समोरासमोरच्या मुलाखती पुन्हा सुरू झाल्या त्या ऑक्टोबर २०२१मध्ये.

आणि मुलाखतकार कोणत्या दारात उभी राहणार हे ठरतं रॉयल मेल या टपालसेवेच्या पत्त्यांच्या यादीवरून. पाहणी कुटुंबांची आहे. वसतिगृहं, तुरुंग, इस्पितळं, आश्रयगृहं तिच्यात येत नाहीत, आणि ज्यांना घरच नाही तेही येत नाहीत. आता समजा, मुलाखत होण्याआधीच आपली ५२ प्रसंगांची बाई एखाद्या रविवारी पहाटे मुलाला घेऊन घर सोडते आणि आश्रयगृहात पोचते. पुढच्या आठवड्यात मुलाखतकार तिच्या जुन्या पत्त्यावर येते. दार तिचा नवरा उघडतो. आता त्या घरात प्रौढ तेवढा एकच, म्हणून प्रश्न त्यालाच विचारले जातात.